आयडिया, कल्पना, शक्कल

‘आयडिया’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे. तसा ठराव कोणी केलेला नाही आणि व्याकरणाच्या पुस्तकात त्याचा नियमही नाही. तरी ‘भन्नाट आयडिया सुचली’ असंच सगळे म्हणतात. ‘सुचला’ म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. रायपुरात मात्र उंबरठा ओलांडला की ती पुल्लिंगी होते. घरात आजी नातवाला म्हणते, ‘काय आयडिया लढवलीस रे!’ आणि तोच नातू गल्लीत जाऊन दोस्ताला सांगतो, ‘क्या आइडिया आया है मुझे!’ पोराला त्यात काही वावगं वाटत नाही. परकी नामं भाषेत शिरताना बहुधा ज्यांची जागा घेतात त्यांचंच लिंग उचलतात. हिंदीत विचार पुल्लिंगी, खयाल पुल्लिंगी, म्हणून आइडियाही पुल्लिंगी. मराठीतही विचार पुल्लिंगीच आहे; पण कल्पना, युक्ती, शक्कल, क्लृप्ती या सगळ्या स्त्रीलिंगी. तेव्हा मराठीत आयडिया कोणाच्या जागेवर येऊन बसली याचा पहिला पुरावा तिच्या लिंगातच आहे. ‘लढवणे’ हे क्रियापद तर तिने शक्कलीकडून जसंच्या तसं घेतलं.

या पुस्तकाचा विषय हाच एक शब्द. तो ग्रीसमध्ये काय होता, इंग्रजीत त्याचं काय झालं, आपल्याकडे त्याला कोणकोणते प्रतिशब्द दिले गेले आणि ते देताना काय सांडलं, याचा माग पुढच्या पानांत आहे. एका शब्दावर अख्खं पुस्तक कशाला, असं वाटणाऱ्यांनी ते मधूनच कुठूनही उघडावं. ते तसंही वाचता येतं. प्रस्तावनेचं काम मात्र सुरुवातीपासून सांगण्याचं आहे, म्हणून मी तसं सांगतो.

लेखक रायपूरचे आहेत, हे आधी सांगायला हवं. रायपूरच्या मराठी माणसाला आपली भाषा बाहेरून पाहण्याची सवय जन्मापासून लागते. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या फौजेबरोबर नागपूरकर भोसले छत्तीसगडात आले, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुराहून कारभार पाहू लागले, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं तोवर मराठी कारकून, सुभेदार, भिक्षुक, सावकार इथे मुरले होते. तात्यापारा, बुढापारा या जुन्या वस्त्यांतली आणि आता चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जमणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या तीन भाषांत वावरतात: घरी मराठी, कामाच्या जागी हिंदी, बाजारात आणि शेतावर छत्तीसगढी. अशा घरातल्या मुलाचं ‘मैंने आई को विचारा’ हे वाक्य ऐकून हिंदीच्या बाई चक्रावतात. हिंदीत ‘विचारना’ म्हणजे मनात घोळवणं. मराठीत ‘विचारणे’ म्हणजे दुसऱ्याला प्रश्न करणं. मूळ धातू ‘चर्’, म्हणजे चालणं, हिंडणं. हिंदीने तो एकट्याने फेऱ्या मारायला ठेवला आणि मराठीने त्याला शेजाऱ्याच्या दारात नेऊन उभा केला. विचारपूस, विचारणा, ‘कोण विचारतो त्याला!’ हे सगळं दुसऱ्या माणसाशिवाय होत नाही. पुस्तकातलं सर्वांत लहान प्रकरण यावर आहे. ते मोठं व्हायला हवं होतं, पण असो.

आता ग्रीकांकडे. ‘इडेआ’ हा शब्द तत्त्वज्ञांनी घडवलेला नाही. तो साधा, रोजच्या वापरातला होता: वस्तूचं किंवा माणसाचं दिसणं, रूप, आकार. त्याच घरातला दुसरा शब्द ‘एइडोस’, त्याचाही अर्थ तोच. दोन्हींच्या मुळाशी ‘पाहणे’ हे क्रियापद आहे. प्लेटोने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हे शब्द उचलले आणि त्यांच्यावर एवढं ओझं टाकलं की त्यांचा मूळचा चेहराच बदलला. आपण सुंदर वस्तू पाहतो. त्या झिजतात, मोडतात. त्या सगळ्यांना सुंदर म्हणताना जे एक रूप आपल्या मनासमोर असतं, ते झिजत नाही. प्लेटोच्या मते खरं तेच. डोळ्यांना दिसणारा घोडा येतो आणि जातो. घोडेपणाचं रूप राहतं आणि ते बुद्धीच्या डोळ्यांनी दिसतं. म्हणजे त्याची ‘इडेआ’ कोणाच्या डोक्यात नव्हती. ती डोक्याबाहेर होती, आणि जगातल्या कुठल्याही दगडाधोंड्यापेक्षा जास्त खरी होती.

ती डोक्यात कशी शिरली, ही गोष्ट पुस्तकाच्या दुसऱ्या भागात सविस्तर आहे. थोडक्यात अशी: ख्रिस्ती पंडितांनी ती रूपं देवाच्या मनात नेऊन ठेवली. सतराव्या शतकात देकार्तने ती माणसाच्या मनात आणली. आणि १६९० सालच्या आपल्या निबंधग्रंथात जॉन लॉकने जाहीर केलं की माणूस विचार करतो तेव्हा त्याच्या मनासमोर जे काही असतं ते सगळं ‘आयडिया’: पांढरेपणा, हत्ती, सैन्य, दारूची नशा, काहीही. हा शब्द आपण फार वेळा वापरतो याबद्दल लॉकने ग्रंथाच्या सुरुवातीलाच वाचकांची माफी मागितली आहे. तत्त्वज्ञाने एखाद्या शब्दासाठी माफी मागितल्याची उदाहरणं फार नसावीत. लॉकनंतर तो शब्द कॉफीहाउसात पोचला, तिथून वर्तमानपत्रांत, आणि मग ज्याला त्याला आयडिया सुचू लागल्या. कोशकार सॅम्युएल जॉन्सनला हे अजिबात पसंत नव्हतं. त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने १७७७ सालची हकिकत लिहून ठेवली आहे: ज्याचं चित्र मनात उभं राहू शकतं, त्याचीच आयडिया असू शकते, असं जॉन्सनचं म्हणणं. डोंगराची असेल, झाडाची असेल, इमारतीची असेल. मताची किंवा युक्तिवादाची कशी असेल? मुळाकडे पाहिलं तर म्हातारा बरोबर बोलत होता. पण कोशकार बरोबर असला म्हणून लोक ऐकतात थोडेच.

इथे मूळ धातूबद्दल जरा थांबायला हवं. ‘इडेआ’च्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतात ‘विद्’ म्हणून येतो. ग्रीकात ‘ओइदा’ म्हणजे ‘मला माहीत आहे’. शब्दशः ‘मी पाहिलेलं आहे’. संस्कृतातलं ‘वेद’ हे क्रियारूप, ‘तो जाणतो’ या अर्थाचं, त्याच ठेवणीचं, जवळजवळ अक्षराला अक्षर जुळणारं आहे. लॅटिनने त्याच धातूपासून पाहण्याचं क्रियापद केलं, आणि त्यातून आपल्या लग्नातला व्हिडिओ आला. इंग्रजी ‘वाइज’ आणि ‘विट’ही त्याच घरचे. म्हणजे विद्या, वेदना, निवेदन, व्हिडिओ आणि आयडिया ही एकमेकांची चुलत-मावस भावंडं. भावंडं म्हणतोय, लेकरं नव्हे. ‘बघा, आयडियासुद्धा संस्कृतातूनच गेली’ असं सांगणारे काका प्रत्येक मंडळात एक तरी असतात. त्यांच्यासाठी: १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने जे मांडलं ते असं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. गंमत निराळीच आहे. एकाच धातूपासून ग्रीकांनी पाहिलेलं रूप काढलं आणि आपण जाणलेलं ज्ञान काढलं. पाहण्यासाठी आपल्याकडे ‘दृश्’ होता. त्यातून दर्शन आलं. सहा तत्त्वज्ञानांना आपण सहा दर्शनं म्हणतो. ग्रीक ‘इडेआ’च्या खऱ्या अर्थाने जवळ जाणारा आपला शब्द शोधायचा तर मी याच आळीत शोधेन.

पण एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसांनी ‘आयडिया’समोर जो शब्द बसवला तो होता ‘कल्पना’. आणि पुस्तकातला सर्वांत रसाळ भाग सुरू होतो तो इथून.

कल्पना आली ‘कॢप्’ धातूपासून. जुळवणं, नीट लावणं, घडवणं, समर्थ होणं असे त्याचे अर्थ. त्यात पाहण्याचा मागमूस नाही, हातांचा आहे. संस्कृतात ‘कल्पनी’ म्हणजे कात्री. ‘कल्पक’ म्हणजे न्हावी हाही एक अर्थ कोशांत दिलेला आहे. आपल्या मुलाला कल्पक म्हणवून घेताना आनंदणाऱ्या आईबापांना हे सांगू नये. हत्तीला झूल, घंटा, हौदा घालून सज्ज करणं, त्याला अमरकोशात कल्पना म्हटलं आहे. संकल्प, विकल्प, प्रकल्प, कल्पसूत्रं ही सगळी जुळवाजुळवीची कामं. शब्दाचा हा पिंड लक्षात ठेवला की त्याचा तत्त्वज्ञानातला प्रवास समजायला सोपा जातो.

आणि त्या प्रवासाचा एक टप्पा रायपूरच्या अगदी जवळचा आहे. सहाव्या शतकाच्या आगेमागे झालेल्या बौद्ध तर्कपंडित दिङ्‌नागाने ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथात प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्या केली: जे कल्पनेपासून मुक्त, ते प्रत्यक्ष. कल्पना म्हणजे काय? समोर जे दिसलं त्याला नाव, जाती, गुण चिकटवणं. डोळ्यांसमोर एक ठिपकेदार, हलणारं, हंबरणारं काहीतरी आहे, इथवर प्रत्यक्ष. ‘ही गाय’ असं म्हटलं की मनाने आपल्या पदरचं ‘गाय’पण त्याला जोडलं. ते जोडकाम म्हणजे कल्पना. जगात खरी आहे ती फक्त ही एक, या क्षणाची वस्तू. गाय नावाची सर्वसामान्य गोष्ट मनाच्या कारखान्यातली आहे.

चिनी यात्रेकरू युआन श्वांग ६३९ च्या सुमारास दक्षिण कोसलात आला. त्याचा शिष्य हुइली याने लिहिलेल्या चरित्रात नोंद आहे, की या देशात हेतुविद्येत, म्हणजे तर्कशास्त्रात, पारंगत असा एक ब्राह्मण होता आणि युआन श्वांग महिन्याहून अधिक काळ त्याच्याजवळ राहून प्रमाणसमुच्चय शिकला. त्या दक्षिण कोसलाची राजधानी म्हणजे श्रीपूर, आजचं महानदीकाठचं सिरपूर, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. रायपूरहून ते ऐंशी-एक किलोमीटर. १९५३ ते १९५६ या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी तिथे उत्खनन करून बौद्ध विहार उजेडात आणले. आज आपण विटांचं लक्ष्मण मंदिर पाहतो, विहारातल्या भूमिस्पर्श मुद्रेतल्या बुद्धासमोर फोटो काढतो आणि दुपारच्या आत परततो. याच मुलखात एक परदेशी विद्यार्थी महिनाभर बसून ‘कल्पना म्हणजे नेमकं काय’ हे एका स्थानिक गुरूकडून समजून घेत होता, हे तिथल्या वाटाड्याने मला कधी सांगितलेलं नाही. पुस्तकाने ते सांगितलं, एवढ्यासाठीच मी प्रस्तावनेला हो म्हणालो असतो.

आता प्लेटो आणि दिङ्‌नाग शेजारी बसवून पाहा. प्लेटोला घोडेपणाचं रूप खरं आणि समोरचा घोडा त्याची छाया. दिङ्‌नागाला समोरचा क्षण खरा आणि घोडेपण ही मनाची कारागिरी. एकाची ‘इडेआ’ आणि दुसऱ्याची ‘कल्पना’ नेमक्या एकमेकींच्या विरुद्ध टोकांना आहेत. आणि आपण शाळा-कॉलेजांत शंभरावर वर्षं प्लेटोच्या सिद्धान्ताला ‘कल्पना’ हा शब्द लावत आलो. विद्यार्थी परीक्षेत लिहितो, ‘प्लेटोच्या मते कल्पना हेच सत्य’, आणि मनात म्हणतो, बुवा काहीतरीच बोलत होता. कारण त्याच्या घरच्या मराठीत ‘तुझी कल्पना आहे सगळी’ म्हणजे ‘तसं काही नाहीये’. चूक विद्यार्थ्याची नाही. लॉकच्या ‘आयडिया’ला कल्पना हा शब्द बऱ्यापैकी बसतो, प्लेटोच्या नाही. आपण इंग्रजीतला एक शब्द पाहिला, त्याखालचे दोन हजार वर्षांचे थर पाहिले नाहीत.

संतांच्या मराठीतही कल्पनेचा हा संशयास्पद स्वभाव टिकून आहे. दासबोधाच्या सातव्या दशकात द्वैतकल्पनेच्या निरसनावर स्वतंत्र समास आहे. तिथे रामदास शुद्ध आणि शबल अशा दोन कल्पना सांगतात आणि एकीने दुसरीला हटवायला सांगतात. हा दासबोध हिंदीत नेला तो माधवराव सप्र्यांनी. सप्रे म्हणजे रायपूरच्या मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय, आणि लेखकाने त्यांच्यावरचं प्रकरण अभिमान आवरून लिहिलं आहे हे विशेष. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्म, शिक्षण बिलासपूर-रायपुरात. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे त्यांच्या सोबतीला. तीन मराठी माणसांनी छत्तीसगडात हिंदी पत्रकारितेची सुरुवात केली. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राची परिभाषा घडवण्यात सप्र्यांचा हात होता. १९०८ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली, आणि सुटकेनंतर ते रामदासी मठाकडे वळले. पुढे टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांनीच केला.

गीतारहस्य हे या विषयाच्या दृष्टीने फार सोयीचं पुस्तक आहे, कारण त्यात टिळक युरोपीय विचाराला मराठी शब्द देताना सतत दिसतात. कॉम्टने मानवी ज्ञानाच्या ज्या तीन पायऱ्या सांगितल्या त्यांना टिळकांनी आधिदैविक, आध्यात्मिक आणि आधिभौतिक हे आपल्याकडचे जुने शब्द लावले. शब्द जुना, माल नवा. सप्र्यांपुढचं काम म्हणजे फ्रान्समध्ये जन्मलेला, मंडालेच्या तुरुंगात मराठीत आलेला विचार हिंदीत उतरवणं. संस्कृत शब्द दोन्हीकडे चालतात, म्हणून काम सोपं वाटतं आणि म्हणूनच फसवं असतं. ‘विचारणे’चं काय होतं ते वर पाहिलंच. ‘शिक्षा’ हिंदीत शाळेत मिळते आणि मराठीत कोर्टात. अशा खड्ड्यांतून सप्रे कसे गेले हे पुस्तकात दोन-तीन उताऱ्यांच्या आधारे दाखवलं आहे. ती पानं घाईने वाचू नयेत. बुढापाऱ्याजवळच्या सप्रे शाळेवरून आणि लाखे नगरातून रोज जाणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

‘आयडिया’ची पिलावळ मराठीत कशी उतरली ते मी उरकतो. ‘आयडियालिझम’चे मराठीने सरळ दोन तुकडे केले: तत्त्वज्ञानातला चिद्वाद आणि आयुष्यातला ध्येयवाद. साने गुरुजी ध्येयवादी. त्यांना कोणी चिद्वादी म्हणत नाही. हिंदीत तत्त्वज्ञानापुरता प्रत्ययवाद आहे, पण आदर्शवाद दोन्हीकडे चालवतात आणि गोंधळही पत्करतात. इथे मराठी उजवी ठरली असं मला वाटतं. ‘आयडिऑलॉजी’ हा शब्द १७९६ मध्ये फ्रान्सच्या देस्त्युत द त्रासीने कल्पनांच्या शास्त्रासाठी घडवला, नेपोलियनने त्याची टिंगल करून त्याला शिवी बनवलं, आणि मराठीने त्याला विचारसरणी म्हटलं, हिंदीने विचारधारा. मराठीत विचार वाटेवरून चालतो, हिंदीत वाहतो. यावरून दोन समाजांच्या स्वभावाबद्दल सिद्धान्त मांडायचा मोह लेखकाने टाळला आहे, मीही टाळतो.

राहिली शक्कल. अरबीत ‘शक्ल’ म्हणजे आकार, रूप. फारसीतून ती हिंदुस्थानात आली. हिंदीत ती चेहरा होऊन राहिली: ‘शक्ल देखी है अपनी?’ मराठीत मात्र ती शक्कल झाली आणि चेहऱ्यावरून उठून डोक्यात गेली: ‘नामी शक्कल’. आकाराचा शब्द युक्तीचा शब्द झाला. म्हणजे ग्रीक ‘इडेआ’ने रूपापासून डोक्यातल्या कल्पनेपर्यंत जो प्रवास दोन हजार वर्षांत, देवाच्या मनातून वळसा घेत केला, तोच अरबी शक्लने मराठीत कोणत्याही तत्त्वज्ञाच्या मदतीशिवाय उरकला. मला या सगळ्या प्रकरणात याहून सुंदर काही आढळलेलं नाही. भाषाशुद्धीच्या काळात असे शब्द काढून टाकावेत असं म्हणणारे विद्वान होते; १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव ज्यूलियनच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. शक्कल त्यातून वाचली. तिच्या जागी क्लृप्ती आणावी तर ती ‘कॢप्’चीच, म्हणजे कल्पनेची सख्खी बहीण, पण ती उच्चारताना जीभ अडखळते आणि लिहिताना शुद्धलेखनवाले अडखळतात.

म्हणून माझा लेखकाशी एका बाबतीत मतभेद आहे. शेवटच्या प्रकरणात त्यांनी आयडियाला ‘इंग्रजीतून आलेला, कल्पना या शब्दाला पर्यायी’ असं म्हटलं आहे. मला ती शक्कलीची वारसदार वाटते. कल्पना गंभीर झाली आहे. ती आता महापालिका देते: ‘उद्या पाणी येणार नाही याची नागरिकांना पूर्वकल्पना देण्यात येत आहे.’ आयडिया चटपटीत, थोडी लबाड, काम भागवणारी आहे. म्हणून तर ‘आयडियाची कल्पना’ हा विनोद आपल्याला कळतो आणि २०१० मध्ये त्या नावाचा चित्रपट निघू शकतो; दोन्हींचा अर्थ खरोखर एकच असता तर हसू कशाचं आलं असतं? २००२ मध्ये एका मोबाइल कंपनीने हेच नाव घेतलं तेव्हाही ‘कल्पना’चा मान तिला नको होता, शक्कलीची चलाखी हवी होती.

आणि रायपुरात आयडियाने आणखी एक काम पत्करलं आहे, ते पुस्तकात नाही. इथल्या हिंदीत ‘आइडिया से डाल दो’ म्हणजे अंदाजाने घाला. ते मराठी स्वयंपाकघरांतही शिरलं आहे. चकोल्या शिजत असताना सुनेने मिठाचं प्रमाण विचारलं तर सासूबाई सांगतात, ‘आयडियाने घाल गं.’ मोजमाप नाही, सूत्र नाही, पातेल्याकडे एक नजर टाकायची आणि चिमूट सोडायची. दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने ही नोंद शक्कलीच्या खाली घालावी की ‘अंदाज’ नावाचं नवं प्रकरण काढावं, हे मी त्यांच्यावर सोपवतो. मला विचाराल तर नवं प्रकरण काढावं. आणि ते लिहायला बसण्याआधी दहा-बारा घरांच्या स्वयंपाकघरांत जाऊन विचारून यावं, मराठीत.